स्फटिक उचलायचा कुणी?

मोटारीच्या कारखान्यात रोबोचा हात शेकडो किलोंचा सांगाडा उचलतो, फिरवतो आणि ठरल्या जागी केसभरही न चुकता वेल्डिंग करतो. फोनच्या आतले बारीक भाग बसवणारी यंत्रे तर डोळ्यांना धड न दिसणारे तुकडे तासाला हजारोंच्या संख्येने जागच्या जागी ठेवतात. मग औषधांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत, एका थेंबातून मिठाच्या दाण्याहून लहान कण बाहेर काढायचा एवढ्याशा कामासाठी, आजही पीएच.डी. झालेला माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून का बसलेला असतो?

तो कण म्हणजे प्रथिनाचा स्फटिक. तो वाढवण्याचे काम यंत्रांनी घेतले, त्याचे फोटो काढण्याचे घेतले, त्याच्यावर क्ष-किरण टाकण्याचे आणि आलेल्या आकड्यांचे गणित करण्याचेही घेतले. थेंबातून तो अलगद उचलण्याची पायरी मात्र माणसाच्या बोटांनी सर्वांत जास्त काळ स्वतःकडे राखली. या पायरीवर यंत्र का अडले आणि पुढे ती कशी ओलांडली गेली, ही विज्ञानातली फारशी न सांगितली गेलेली गोष्ट आहे.

## एक रेणू दिसत नाही, अब्जावधी दिसतात

प्रथिनाचा रेणू काही नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा असतो. दृश्य प्रकाशाच्या लहरी त्याच्या मानाने फार मोठ्या असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाने त्याचा आकार कळणे शक्य नसते. क्ष-किरणांची तरंगलांबी अणू-अणूंमधल्या अंतराएवढी असते, त्यामुळे ते चालतात. पण एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण इतके क्षीण असतात की ते मोजता येत नाहीत. शिवाय तेवढ्या माऱ्यात तो रेणू टिकतही नाही.

यावर उपाय स्फटिकाचा. स्फटिकात एकाच प्रथिनाचे अब्जावधी रेणू एकाच दिशेला तोंड करून, ओळीने रचलेले असतात. सगळ्यांवरून विखुरलेले किरण काही ठरावीक दिशांना एकमेकांना बळ देतात आणि संवेदकावर ठिपक्यांची नक्षी उमटते. स्फटिक थोडाथोडा फिरवत अशा शेकडो नक्ष्या घ्यायच्या, ठिपक्यांची तीव्रता मोजायची आणि गणिताने मागे जात रेणूतला प्रत्येक अणू कुठे आहे ते काढायचे. याला प्रथिन स्फटिकशास्त्र म्हणतात. हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसा धरते, एखादे औषध विषाणूच्या विकराला नेमके कुठे चिकटते, हे आपल्याला बहुतांशी याच वाटेने कळले आहे.

सगळी मदार त्या रांगा शाबूत राहण्यावर असते. रांग विस्कटली की ठिपके पुसट होतात आणि अणूंचा पत्ता हरवतो.

## निम्मे पाणी

खडीसाखरेचा खडा चिमटीत धरला तर बिघडत नाही. प्रथिनाचा स्फटिक दिसायला तसाच, कडा धारदार आणि पृष्ठभाग चकचकीत, पण आतून तो खरवसाच्या वडीच्या जातीचा असतो. वडी चौकोनी कापता येते, उभी राहते, पण तिचा बराचसा भाग पाणी असते. बोट लावले की दबते, उघडी ठेवली की आक्रसते. प्रथिनाच्या स्फटिकातही साधारण निम्मा भाग पाण्याचा असतो. रेणू एकमेकांना मोजक्या ठिकाणी, तेही कमजोर बंधांनी, टेकलेले असतात आणि मधल्या पोकळ्यांतून पाणी खेळत असते.

हे ध्यानात यायलाच बराच काळ गेला. १९३४ मध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्या हाती पेप्सिन या पाचक विकराचे स्फटिक आले. ते स्वीडनमधल्या उप्साला इथे वाढले होते आणि एका शास्त्रज्ञाने कोटाच्या खिशातून, ज्या द्रवात ते वाढले त्याच द्रवासकट, आणले होते. तोवर कोरड्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकले की नुसता काळसर डाग मिळे. बर्नाल सूक्ष्मदर्शकाखाली बघत असतानाच स्फटिक वाळला आणि त्याची चमक गेली. तेव्हा त्यांनी तो द्रवासकट काचेच्या केशनलिकेत बंद केला, आणि फिल्मवर स्पष्ट ठिपके उमटले. बर्नाल आणि त्यांची तरुण सहकारी डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढच्या डोरोथी हॉजकिन, यांनी हे निरीक्षण त्याच वर्षी प्रसिद्ध केले. प्रथिन स्फटिकशास्त्र सुरू झाले ते स्फटिक ओला ठेवण्याच्या या एका युक्तीतून.

हॉजकिन यांना ऐन तरुणपणी संधिवात जडला. बोटे वाकडी होत गेली तरी स्फटिक हाताळण्याचे त्यांचे कसब गेले नाही. १९३०च्या दशकात हाती घेतलेली इन्सुलिनची रचना त्यांच्या गटाने १९६९ मध्ये पूर्ण केली.

## थेंबापासून नायट्रोजनपर्यंत

आज हे काम हाताने कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्लास्टिकच्या एका तबकडीत ९६ खाचा असतात आणि प्रत्येकीत लिटरच्या काही दशलक्ष भागांपैकी एका भागाएवढा थेंब. तबकडीवर चिकटपट्टीचे पारदर्शक झाकण असते. काम करणारी व्यक्ती धारदार पात्याने एका खाचेवरची पट्टी कापते आणि त्याच क्षणी थेंब सुकू लागतो. कडेने प्रथिनाची पातळ साय धरते. स्फटिक बऱ्याचदा तळाला चिकटलेला असतो, त्याला बारीक सुईने हळूच सोडवावे लागते. सुईचे टोक जरा जास्त टेकले की तडा जातो.

मग येतो लूप. पोलादी बुडाच्या छोट्या पिनेच्या टोकाला नायलॉनच्या धाग्याचा फास असतो. धागा दहा-वीस मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. हा फास स्फटिकाच्या खाली सरकवून वर घ्यायचा. इतक्या लहान मापाला गुरुत्वाकर्षणाला फारशी किंमत राहत नाही, तिथे राज्य पाण्याच्या पृष्ठताणाचे असते. फास थेंबाबाहेर येताना द्रवाचा पडदा त्यात ताणला जातो आणि स्फटिक त्या पडद्यात अडकून राहतो. तोच पृष्ठताण कधी स्फटिकाला परत थेंबात ओढून नेतो, तर कधी फासाच्या कडेला चिकटवून वाकवतो. यंत्राला इथेच घाम फुटतो. मोटारीच्या दाराचे वजन आणि आकार आधीच ठाऊक असतात. इथे दर थेंब वेगळा, स्फटिकाचा आकार वेगळा, चिकटण्याची तऱ्हा वेगळी, आणि परिस्थिती सेकंदासेकंदाला बदलणारी.

उचलल्यावर तो ताबडतोब गोठवावा लागतो. क्ष-किरणांच्या माऱ्याने स्फटिकात उच्छृंखल रासायनिक कण तयार होतात आणि ते सगळीकडे पसरून रेणूंची मोडतोड करतात. सुमारे उणे १७३ अंश सेल्सियसला हे कण जागीच खिळतात आणि स्फटिकाचे आयुष्य साधारण ७० पट वाढते. पण पाण्याचे बर्फ झाले तर ते फुगते आणि आतल्या रांगा उसवते. म्हणून आधी ग्लिसरॉलसारखा पदार्थ मुरवायचा आणि मग स्फटिक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये इतक्या झपाट्याने बुडवायचा की पाण्याला बर्फाची मांडणी करायला सवडच मिळू नये. ते काचेसारखे, विस्कळित अवस्थेतच घट्ट होते. हॉकॉन होप यांनी १९८०च्या दशकाअखेर ही शीतपद्धत प्रचारात आणली आणि लूपची जोड मिळाल्यावर १९९०नंतर ती जगभर रूढ झाली.

या बुडवण्यातही एक मेख होती. नायट्रोजनच्या पृष्ठभागावर थंड वायूचा थर साचलेला असतो. स्फटिक द्रवात पोचण्याआधी या थरातून जाताना तुलनेने सावकाश गार होतो, म्हणजे नको तिथेच वेळ मोडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की हा थर फुंकून बाजूला केला तर गार होण्याचा वेग प्रचंड वाढतो आणि ग्लिसरॉलही कमी लागते. वर्षानुवर्षे हजारो हात ज्या थरातून गेले, तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

## शिशाच्या भिंतीआड

रोबो पहिल्यांदा आला तो मात्र या पायरीवर नव्हे, पुढच्या पायरीवर, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते.

चांगल्या नोंदींसाठी सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण लागतात. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरवणारे प्रचंड कडे. इंग्लंडमधल्या डायमंड लाइट सोर्सच्या कड्याचा परीघ ५६२ मीटर आहे. कड्यातून निघालेला झोत ज्या खोलीत स्फटिकावर पडतो तिच्या भिंतींत शिसे असते आणि झोत चालू असताना आत माणूस असणे परवडणारे नसते. त्यामुळे स्फटिक बदलायचा तर झोत बंद, दार उघड, नवी पिन चढव, आत कुणी उरले नाही याची रीतसर फेरी मार, बटणे दाब, दार बंद, झोत चालू. यात दर वेळी काही मिनिटे जात. संवेदक सुधारत गेले तसे एका स्फटिकाच्या नोंदी मिनिटाभरात होऊ लागल्या आणि जगातल्या महागड्या यंत्रांपैकी एक यंत्र बराच वेळ दार उघडण्या-लावण्यात वाया जाऊ लागले.

अमेरिकेतल्या ॲबट या औषध कंपनीच्या संशोधकांनी २००० साली स्फटिक आपोआप चढवणारी यंत्रणा जाहीर केली. पाठोपाठ स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर ‘सॅम’ नावाची यंत्रणा उभी राहिली. तिच्या एका डब्यात ९६ पिना मावत. यातले बरेच हात एप्सन, स्टॉब्ली अशा कंपन्यांचे, कारखान्यांसाठी बनवलेले होते. काम मात्र वेगळे. नायट्रोजनच्या कुंडात बुडालेल्या डब्यातून एक पिन उचलायची, ती गरम होऊ न देता थंड वायूच्या झोतात असलेल्या चुंबकावर टेकवायची, आणि जुनी पिन परत जागी ठेवायची.

यात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवेतली वाफ. नायट्रोजनमधून बाहेर आलेल्या चिमट्यावर क्षणात दव गोठते. पुढच्या फेरीत तो बर्फ कुंडात गळतो आणि कुंडात तरंगणारा कण येऊन स्फटिकावर बसतो. म्हणून रोबो फेऱ्यांच्या मधे आपला चिमटा कोमट हवेत धरून वाळवतो. ‘सॅम’च्या मनगटात बल मोजणारा संवेदक बसवला होता, डबा किंचित तिरका बसला किंवा पिन बर्फाने अडकली तर हाताला ते जाणवे आणि तो पिन मोडण्याआधी थांबे. माणूस हे न सांगता करतो. यंत्राला ते एकेक करून शिकवावे लागले.

पिनांची मापेही सारखी नव्हती. एका देशाची पिन १८ मिलिमीटरची, तर दुसऱ्याची २२. रोबोला वाटे तिथे स्फटिकच नसे. युरोपातल्या ‘स्पाइन’ प्रकल्पाने २२ मिलिमीटरचे माप ठरवून दिले, आणि पुढे १६ पिनांची गोल डबी, तिला ‘पक’ म्हणतात, बहुतेक ठिकाणी चालू लागली. मापाचा असा करार वर्तमानपत्रात बातमी म्हणून येत नाही, पण त्याच्याशिवाय एका खंडात भरलेली डबी दुसऱ्या खंडातल्या रोबोला उघडताच आली नसती. आज संशोधक पक भरून, नायट्रोजन शोषून घेतलेल्या ड्यूअर या उष्णतारोधक भांड्यात ठेवून कुरियरने पाठवतात आणि आपल्या टेबलावर बसून दूरच्या सिंक्रोट्रॉनवरचा प्रयोग चालवतात.

फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवरची ‘मॅसिफ-१’ ही वाहिनी, म्हणजे कड्यातला झोत स्फटिकापर्यंत नेणारी शाखा, २०१४ पासून आणखी पुढे गेली आहे. तिथे पिन चढल्यावर कॅमेरा आधी लूप शोधतो. स्फटिक गोठलेल्या थेंबात लपल्यामुळे नजरेला दिसतोच असे नाही; म्हणून क्ष-किरणांचा झोत लूपवर चौकटी-चौकटीने फिरवतात आणि ठिपके कुठे सर्वांत चांगले येतात यावरून स्फटिकाचा उत्तम भाग ठरतो. मग किती वेळ, किती तीव्रतेने आणि किती अंशांत नोंदी घ्यायच्या तेही यंत्रच ठरवते. प्रयोगाच्या वेळी तिथे शास्त्रज्ञ नसतो.

> चौकट: भारतातील दुवे
>
> इन्सुलिनची रचना सोडवणाऱ्या हॉजकिन यांच्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. परतल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन स्फटिकशास्त्राची मोठी परंपरा उभी केली.
>
> देशातला मोठा सिंक्रोट्रॉन, इंडस-२, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आहे. तिथली प्रथिन स्फटिकशास्त्राची वाहिनी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उभारली.
>
> ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवरील ‘बीएम-१४’ ही वाहिनी चालवण्यात भारताचा जैवतंत्रज्ञान विभागही भागीदार होता.

## हाताची नक्कल सोडली तेव्हा

आता मुख्य अडचण. चढवणे जमले, पण थेंबातून उचलणे? २०००नंतरच्या दशकात काही गटांनी सरळ मार्ग धरला. सूक्ष्म हालचाली करणारा यांत्रिक हात बनवायचा, त्याच्या टोकाला तोच लूप लावायचा, आणि पडद्यावर बघत माणसाने तो चालवायचा. स्फटिक उचलले गेले. पण वेग सरावलेल्या बोटांच्या पुढे गेला नाही आणि ही यंत्रे प्रयोगशाळांमध्ये फारशी रुजली नाहीत. ज्या बोटांना वर्षानुवर्षांचा सराव आहे, त्यांच्याच चालीने त्यांना हरवायला जाणे अवघडच होते.

ग्रनोबललाच, युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत, फ्लोरेंट सिप्रियानी आणि जोसे मार्केझ यांच्या गटांनी प्रश्नच फिरवला. स्फटिकाला हात लावायचाच कशाला? तो ज्यावर वाढला ती जमीनच कापून घेऊ. त्यांच्या ‘क्रिस्टलडायरेक्ट’ तबकडीला जाड तळ नसतो. थेंब पंचवीस मायक्रॉनच्या पातळ प्लास्टिक-पटलावर वाढतात. स्फटिक तयार झाला की संशोधक फोटोवर खूण करतो. डिंकाचा इवलासा ठिपका लावलेली पिन खालून येऊन पटलाला चिकटते आणि लेसर स्फटिकाभोवती पटल कापत जातो. त्याआधी लेसरने पाडलेल्या सूक्ष्म छिद्रातून भोवतीचा द्रव शोषून घेतलेला असतो. उरतो तो पिनेवर बसलेला, पटलाचा तुकडा पायाखाली असलेला स्फटिक. तो थेट थंड वायूच्या झोतात जातो. सुई नाही, फास नाही, पृष्ठताणाशी झटापट नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कल्पना या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत देखणी म्हणावी अशी आहे.

इंग्लंडमध्ये, डायमंड लाइट सोर्स आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वेगळा हिशेब मांडला. स्फटिक उचलण्याला मुळात काही सेकंदच लागतात. वेळ जातो तो बाकीच्या गोष्टींत: पुढची खाच शोधणे, तबकडी सरकवणे, सूक्ष्मदर्शकाची नजर जमवणे, कोणता स्फटिक कोणत्या पिनेवर गेला ते वहीत लिहिणे. आणि लिहिण्यातली एक चूक साऱ्या प्रयोगाचा पत्ता बदलते. त्यांनी ‘शिफ्टर’ नावाचे मोटारीवर सरकणारे ताट बनवले, जे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बसते. ते ठरवलेली खाच भिंगाखाली आणून ठेवते, थेंबावरची उघडी जागा लहान ठेवून बाष्पीभवन रोखते आणि नोंद स्वतःच करते. माणसाने फक्त उचलायचे. २०२१ च्या शोधनिबंधानुसार सरावलेली व्यक्ती अशा रीतीने तासाला शंभराहून अधिक स्फटिक काढू शकते. माणसाच्या बोटांचे जे खरे बळ आहे तेवढेच त्यांच्याकडे ठेवून बाकीचा भार काढून घेण्याची ही रीत लेसरइतकी नेत्रदीपक नाही, पण स्वस्त आहे आणि म्हणून जास्त प्रयोगशाळांच्या आवाक्यात आहे.

औषध-रेणू स्फटिकात मुरवण्याचे कामही असेच सुटले. हाताने थेंबात द्रव घातला की स्फटिकाला धक्का बसतो. त्याऐवजी ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात. द्रवाच्या भांड्याखालून दिलेला ध्वनीचा ठोका अडीच नॅनोलिटरचा थेंब वर उडवतो आणि तो उलट्या धरलेल्या तबकडीतल्या नेमक्या खाचेत जाऊन बसतो. फोटोवरून स्फटिक कुठे आहे ते आधीच ठाऊक असल्याने थेंब त्याच्यापासून दूर पाडता येतो. द्रावक सावकाश पसरत स्फटिकापर्यंत पोचतो आणि स्फटिक तडकत नाही.

## २०२० ची कसोटी

हे सारे जुळून आल्यावर काय होते ते महासाथीत दिसले. फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीला शांघायच्या संशोधकांनी नव्या कोरोनाविषाणूच्या मुख्य प्रोटिएज या विकराची रचना खुली केली. विषाणू आपली लांबलचक प्रथिने या विकराने कापून वापरात आणतो. ते बंद पाडले तर विषाणूची वाढ थांबते. डायमंडमध्ये ‘एक्सकेम’ ही सोय आधीपासून होती, जिथे आठवड्याच्या आत हजारापर्यंत संयुगे एकेका स्फटिकात मुरवून तपासता येतात आणि त्यातले सुमारे ३६ तास झोतापुढे रोबो एकटाच काम करतो.

तिथल्या आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी मिळून साडेबाराशेहून अधिक छोटे रेणू, म्हणजे औषधाचे जणू कच्चे तुकडे, या विकरावर तपासले. त्यातले ७४ चिकटलेले सापडले. ७१ विकराच्या कार्यस्थळी आणि ३ दोन विकररेणूंच्या जोडावर. रचना लगोलग सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या आणि त्यांच्यावरून ‘कोविड मूनशॉट’ हा औषधशोधाचा जागतिक प्रकल्प उभा राहिला. एकेका पिनेसाठी शिशाचे दार उघडत बसले असते, तर हे काम काही आठवड्यांत होण्यातले नव्हते.

## न उचलताही

एक गट तर म्हणतो, उचलूच नका. डायमंडच्या ‘व्हीएमएक्सआय’ वाहिनीत रोबो अख्खी तबकडीच क्ष-किरणांपुढे धरतो आणि स्फटिक आपल्या थेंबात असतानाच, खोलीच्या तापमानाला, नोंदी होतात. गोठवण्याने रेणूची जी ठेवण बदलू शकते ती इथे बदलत नाही. किंमत अशी की थंडीचे संरक्षण नसल्यामुळे प्रत्येक स्फटिक लवकर खराब होतो. म्हणून अनेक स्फटिकांच्या थोड्या थोड्या नोंदी जोडून एक पूर्ण चित्र करावे लागते.

यंत्राला अजून पुरत्या न जमलेल्या जागाही आहेत. पेशीच्या आवरणातली प्रथिने, ज्यांच्यावर आजची कितीतरी औषधे काम करतात, ती पाण्याच्या थेंबात सहसा नीट स्फटिक धरत नाहीत. त्यांना मेदाच्या दाट, चिकट लगद्यात वाढवावे लागते. त्या लगद्यात काही मायक्रॉनचा स्फटिक दिसणेच कठीण, आणि काचेच्या दोन पट्ट्यांमधली जागा कापून तो काढणे त्याहून कठीण. तिथे लूप धरणारी बोटे अजूनही लागतात आणि ती घडवायला महिनोन्‌महिने सराव लागतो. पेशी-आवरणाच्या प्रथिनांवर काम करणाऱ्या गटांत नवे विद्यार्थी आजही सूक्ष्मदर्शकाखाली आधी सोप्या लायसोझाइमचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातल्या विकराचे, स्फटिक उचलायला शिकतात आणि मगच त्या लगद्याला हात लावतात.